बारदान

बोगदा उभा आहे, असं दोन्ही राउटर शपथेवर सांगतात.
हिरवा दिवा तिब्लिसीत, हिरवा दिवा झुगदिदीत,
मध्ये सव्वातीनशे किलोमीटर अंधार.
दुपारी लाइन बदलून दिली, किल्ल्या जुळल्या, सह्या जुळल्या,
आणि हेझलनटच्या पावत्या
पाच वाजल्यापासून अर्ध्यावर लटकलेल्या.

पिंग जातो. परत येतो. एकोणीस मिलिसेकंद.
लॉगिनचं पान उघडतं, नाव विचारतं,
नाव घेतं, आणि मग
पांढरं.

नुगझार फोनवर आहे.
गोदामाच्या जिन्याखाली, त्या कपाटात, जिथे आमचा राउटर
झाडूंच्या आणि मोडक्या काट्यांच्या शेजारी संसार करतो.
एकसष्ट वर्षांचा. हुद्दा, मापारी.
दिवे लागलेत? लागलेत.
वायर काढून परत घाला. घातली.
काही फरक? नाही.
साडेदहापर्यंत त्याच्याकडून मला
एका शब्दापलीकडचं काही मिळालेलं नाही.

मी फायरवॉल वाचत बसते,
परक्याच्या घरातली पत्रं वाचावी तशी.
ओतार पोलंडला गेला, नियम मागे ठेवून गेला.
एका ओळीला त्याची टीप: बाहेरच्या कुणीही दार ठोठावू नये.
मी मान डोलावते. पुढची ओळ.

मग आकार मोजायला घेते.
चौदाशे बाहत्तर. गेला, आला नाही.
चौदाशे. आला.
चौदाशे वीस. नाही.
चौदाशे दहा. आला.
चौदाशे अकरा.
चौदाशे अकरा.
चौदाशे अकरा.

"लहान जातंय, मोठं अडतंय," मी म्हणते, त्याला नाही, स्वतःलाच.
पलीकडे जरा वेळ काही नाही. मग रात्रीतलं पहिलं अख्खं वाक्य:
"बारदान धरलंत का?"

"पोतं पन्नासाचं म्हणता, दाणेही पन्नास भरता,
आणि वर तागाचं वजन, सुतळीचं, शिशाच्या शिक्क्याचं.
ते कोण मोजणार? माझा काटा मोजतो."

तेच तर होतं.
प्रत्येक पाकिटाला आम्ही गुपिताचं पोतं चढवतो
आणि ते पोतंही जागा खातं.
वर ठळक छाप: तुकडे करू नयेत.
वाटेतला कुठलासा राउटर, गरीब बिचारा,
दर खेपेला मागे निरोप धाडत होता,
मावत नाही हो, लहान करा.
तो निरोप ओतारच्या ओळीपर्यंत यायचा
आणि आमच्याच उंबऱ्यावर मरायचा.
संध्याकाळपासून. शेकड्यांनी.

मी निरोप्याला दार उघडलं.
माप उतरवलं, तेराशे अठ्ठ्याण्णव.
पावत्या सुटल्या, एकावर एक पडत,
पोटी बंदराचा सकाळचा ट्रक कागदावर तरी भरला.

"झालं," मी म्हटलं, "घरी जा आता."
तो गेला नाही.
कपाटातला पंखा ऐकू येत होता, आणि त्याचा श्वास.

"एन्गुरीच्या पुलापलीकडे बहीण आहे माझी," तो म्हणाला.
"गालीत. इथून पंचवीसेक किलोमीटर.
फोन लागतो. लागत नाही असं नाही.
कशी आहेस, बरी आहे. गुडघा? तसाच.
पण आई गेली तेव्हा मी आलो नाही,
का आलो नाही, ते..."

पंखा.

"ते जात नाही," नुगझार म्हणाला.

तुकडे करून बघा, असं माझ्या ओठांशी आलं.
मी ते गिळलं.
माझ्याकडचे सगळे आकडे
त्या दोन दिव्यांच्या मधले होते.

फोन त्यानेच ठेवला, बऱ्याच वेळाने.

नोंदवहीत लिहिलं:
बिघाड दूर, अकरा बावन्न.
कारण: बारदान धरलं नव्हतं.
कुणी शोधलं, या रकान्यात माझं नाव आपोआप येतं.
ते खोडून घातलं,
नुगझार जोजुआ, मापारी.
यंत्राने विचारलं, या नावाचा कर्मचारी विभागात नाही, तरी ठेवायचं?

ठेव, म्हटलं.